प्रिन्सेस स्ट्रीटचे एक रसायनांचे दुकान : लँथनाईडवर काम करणाऱ्यांच्या नजरेतून

ऑर्थो-व्हॅनिलिन हे रसायन मागितल्यावर ‘कोणते?’ असा उलट प्रश्न विचारणारे दुकान मला मुंबईत एकच भेटले. मी उपनगरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि गेली बरीच वर्षे माझ्या विद्यार्थ्यांसह लँथनाईड (युरोपियम, गॅडोलिनियम यांसारखे धातू, ज्यांना विरल मृदा असेही म्हणतात) व तांबे, निकेल यांसारख्या संक्रमणी धातूंची जटिल संयुगे, ज्यांना आम्ही प्रयोगशाळेत सरळ कॉम्प्लेक्स म्हणतो, ती तयार करते. आमचे शोधनिबंध उघडणाऱ्याला त्यात वर्णपट दिसतात, चुंबकीय आघूर्णांचे तक्ते दिसतात, क्वचित एखाद्या स्फटिकाची रचनाही दिसते. पण ही संयुगे ज्या बाटल्यांतून निघाली त्या बाटल्यांचा उल्लेख मात्र ‘रसायने बाजारातून घेऊन तशीच वापरली’ एवढ्या एका वाक्यात उरकलेला असतो. त्या वाक्यामागे काय काय दडलेले असते ते मला चांगले माहीत आहे, कारण त्यापायी आमचे काही महिने वाया गेले आहेत आणि काही महिने वाचलेही आहेत, आणि जे वाचले त्यांचे श्रेय या दुकानाला आहे.

दुकान प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे कागदोपत्री शामळदास गांधी मार्गावर आहे. मरीन लाइन्स स्थानकावर उतरून चालत गेले की औषधांची, शस्त्रक्रियेच्या साहित्याची, अत्तरे आणि सुगंधी अर्कांची, काचसामानाची दुकाने एकाला एक लागून सुरू होतात आणि पुढे लोहार चाळीतली विजेच्या सामानाची गर्दी लागते. त्याच रांगेत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, रुंदीला जेमतेम दहा फूट पण आत खोलवर गेलेले हे दुकान आहे. मालकांनी दुकानाचे नाव लिहू नये अशी विनंती केली. त्यांचा मुख्य धंदा कारखान्यांना माल पुरवण्याचा आहे आणि पाच-दहा ग्रॅमची गिऱ्हाइके एकदम वाढली तर तेवढी माणसे त्यांच्याकडे नाहीत. मी तो शब्द पाळते आहे. मात्र नावापेक्षा त्यांची कामाची रीत अधिक उपयोगाची आहे, आणि ती पाहून कोणालाही आपल्या ओळखीच्या दुकानदाराकडे तशाच रीतीचा आग्रह धरता येईल.

आधी व्हॅनिलिनचे सांगते. आमचे एक मुख्य काम तांबे आणि गॅडोलिनियम हे दोन धातू एकाच रेणूत शेजारी शेजारी बसवण्याचे आहे. त्यासाठी ऑर्थो-व्हॅनिलिनचे दोन रेणू आणि एथिलिनडायअमीनचा एक रेणू यांच्यापासून एक शिफ बेस, म्हणजे अल्डिहाइड आणि अमीन जोडून होणारे संयुग, तयार करतात. धातूला धरून ठेवणाऱ्या या रेणूला, म्हणजे लिगंडाला, दोन कप्पे असतात. आतल्या कप्प्यात दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन असतात आणि तांब्यासारखा लहान, चार बंधांवर समाधान मानणारा धातू तिथे नेमका बसतो. बाहेरच्या कप्प्यात चार ऑक्सिजन असतात आणि तिथे आठ-नऊ बंध मागणारा, अंगाने मोठा असा लँथनाईड येतो. १९८५ मध्ये इटालियन रसायनज्ञ गॅट्टेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबे आणि गॅडोलिनियम यांच्या चुंबकीय आघूर्णांचे एका रेणूत एकमेकांशी जुळते, त्यांची दिशा सारखी राहते, हे दाखवले आणि तेव्हापासून या जोडीवर जगभर काम चालू आहे. तांब्याचा एक अयुग्मित इलेक्ट्रॉन आणि गॅडोलिनियमचे सात, असे आठही इलेक्ट्रॉन एका दिशेला उभे राहतात, ही गोष्ट वर्गात शिकवताना मला आजही आनंद होतो.

हा सगळा डोलारा एका हायड्रॉक्सिल गटाच्या जागेवर उभा आहे. ऑर्थो-व्हॅनिलिनमध्ये तो गट अल्डिहाइडाच्या अगदी शेजारी असतो, म्हणून धातूला चिमट्यात धरता येते. साध्या व्हॅनिलिनमध्ये, म्हणजे जे आइस्क्रीमला आणि बिस्किटांना वास देते त्यात, तोच गट रिंगच्या पार दुसऱ्या टोकाला असतो. दोघांचे रेणुसूत्र एक, रेणुभार एकच, १५२.१५, त्यामुळे कार्बन-हायड्रोजनच्या विश्लेषणातही फरक कळत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका दुकानातून ऑर्थो-व्हॅनिलिन आणले. दुकानदाराने ‘एकच असतं’ असे सांगून साधे व्हॅनिलिन बांधून दिले आणि बिलावर मात्र तिने मागितलेले नाव लिहिले. प्रयोगशाळेत एथिलिनडायअमीनबरोबर पिवळा साका आला, इमाइनचा, म्हणजे अल्डिहाइड आणि अमीन यांच्या जोडाचा, पट्टाही अवरक्त वर्णपटात व्यवस्थित दिसला, आणि मग तांबे काही केल्या नीट बसेना. तिने तापमान बदलले, विद्रावक बदलला, पीएच बदलून पाहिला. शेवटी द्रवणांक घेण्याचे सुचले तेव्हा पावडर ८१ अंशांवर वितळली. ऑर्थो-व्हॅनिलिन ४० ते ४२ अंशांवर वितळते. दीड महिना त्यात गेला होता. ती मुलगी हुशार होती आणि चूक तिची नव्हती, तरी ती कितीतरी दिवस स्वतःलाच दोष देत राहिली, याचे मला फार वाईट वाटले.

त्यानंतर मी स्वतः प्रिन्सेस स्ट्रीटला गेले आणि चार दुकाने फिरून या दुकानात आले. काउंटरवर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते. गिरगावातले, आणि वयाच्या सतराव्या वर्षापासून याच दुकानात. सगळे त्यांना काका म्हणतात. मी चिठ्ठी पुढे केली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहून विचारले, “मॅडम, कोणतं पाहिजे? वासाचं की कामाचं?” मला आधी अर्थच कळला नाही. मग त्यांनी आतून दोन बाटल्या आणून शेजारी ठेवल्या. एकीत पांढरी स्वच्छ भुकटी आणि दुसरीत फिकट पिवळे, किंचित चिकटलेले खडे. “हे पांढरं अर्कवाले नेतात. हे पिवळं कॉलेजवाले नेतात. मे महिन्यात टेंपोतून येताना वितळतं, म्हणून असं गोळा झालंय. माल खराब नाही.” त्यांनी लेबलावरचा कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र ओळख-क्रमांक, बोटाने दाखवला आणि माझ्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिला: ऑर्थोचा १४८-५३-८, साध्याचा १२१-३३-५. तेव्हापासून आमच्या गटात कोणतीही मागणी नावाने जात नाही, क्रमांकाने जाते.

लँथनाईडच्या बाबतीत या दुकानाचा खरा कस लागतो. तांब्याचे किंवा निकेलचे लवण थोडे इकडे-तिकडे असले तरी चालून जाते, कारण ते स्वस्त असते आणि पुन्हा स्फटिकीकरण करता येते. युरोपियम नायट्रेटच्या बाबतीत तसे नसते. बाटलीवर सहा रेणू पाणी असलेले नायट्रेट असे लिहिलेले असते, त्याचा रेणुभार ४४६ आणि त्यात युरोपियम ३४.१ टक्के. पण हे लवण हवेतले पाणी ओढते. जुलैच्या मुंबईत झाकण पाच मिनिटे उघडे राहिले तर खड्यांच्या कडा ओलसर दिसू लागतात, आणि मग आपण तराजूवर जे तोलतो त्यात युरोपियम किती आणि अरबी समुद्र किती हे सांगता येत नाही. एकदा दुसरीकडून आणलेल्या बाटलीचे आम्ही अनुमापन केले, म्हणजे तीत धातू किती ते मोजले: झायलेनॉल ऑरेंज हा दर्शक, हेक्सामीनचा बफर, आणि ब्युरेटमध्ये धातूला पकडणारे ईडीटीए. जांभळट लाल रंग जाऊन लिंबासारखा पिवळा आला तेव्हा हिशेब ३२ टक्क्यांवर थांबला. म्हणजे लेबलावर भरवसा ठेवून ज्या विद्यार्थ्याने एक भाग युरोपियमला तीन भाग लिगंड घातला असेल, त्याच्या चंबूत प्रत्यक्षात युरोपियम सहा टक्क्यांनी कमी होते आणि जास्तीचा लिगंड शेवटपर्यंत मालाला चिकटून राहणार होता. मग मूलद्रव्यांच्या विश्लेषणाचे आकडे जुळत नाहीत. थेनॉइलट्रायफ्लुरोअॅसिटोनचे तीन रेणू आणि फेनँथ्रोलीनचा एक, असे युरोपियमचे जे सुप्रसिद्ध लाल चमकणारे संयुग आहे त्यात कार्बन ४३.४ टक्के यायला हवा. नियतकालिके साधारण ०.४ टक्क्याचा फरक चालवून घेतात, त्यापेक्षा जास्त आला की परीक्षक निबंध परत करतात.

या दुकानात जून ते सप्टेंबर या काळात विरल मृदांची लवणे सुटी करून देत नाहीत. २५ ग्रॅमची बंद बाटली घ्या किंवा ऑक्टोबरपर्यंत थांबा, असे स्पष्ट सांगतात. मला पहिल्यांदा हा अडेलपणा वाटला होता, कारण ५ ग्रॅमचीच गरज होती आणि त्या वर्षी निधी अगदी बेताचा होता. शेजारच्या दुकानात तेच लवण कागदाच्या पुडीतून प्लास्टिकच्या डबीत भरून द्यायला तयार होते. मी काकांशी थोडा वाद घातला. ते म्हणाले, “आत्ता डबी उघडली तर तुमचंही जाईल आणि उरलेलं माझंही जाईल.” आम्ही शेवटी दुसऱ्या महाविद्यालयातील एका गटाबरोबर अर्धी अर्धी बाटली वाटून घेतली, शुष्कपेटीत उघडून. कोरड्या महिन्यांत ते सुटे देतात तेव्हाही मूळ बाटली कोणत्या तारखेला उघडली ते नव्या डबीवर लिहितात, उत्पादन-खेपेचा क्रमांक उतरवतात आणि त्या खेपेचे विश्लेषणपत्र मागितले तर छापून हातात देतात. यातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक दुकानदाराने करायला हवी. माझ्या अनुभवात फार थोडे करतात.

विश्लेषणपत्र वाचायलाही मी या दुकानातच शिकले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. विरल मृदांच्या बाटलीवर ९९.९ टक्के लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की बाटलीत जेवढ्या विरल मृदा आहेत त्यांपैकी ९९.९ टक्के ही आपली मृदा आहे. पाणी, क्लोराइड, कॅल्शियम, लोखंड यांचा त्या आकड्यात हिशेबच नसतो. त्यामुळे पत्रातल्या वरच्या मोठ्या आकड्याऐवजी खालच्या बारीक ओळी पाहाव्या लागतात, आणि कोणत्या ओळी पाहायच्या हे आपण त्या लवणाचे काय करणार यावर ठरते. काकांनी यासाठी स्वतःचा एक प्रश्न बनवून ठेवला आहे: “चमकवायचंय की चुंबकाला लावायचंय?” चुंबकीय मापन करायचे असेल तर लोखंडाची ओळ महत्त्वाची, कारण लोखंडाचा अंश डिस्प्रोसियमच्या नाजूक वर्तनावर सहज पडदा टाकतो. प्रकाशाचे काम असेल तर शेजारच्या लँथनाईडांची ओळ महत्त्वाची. आम्ही गॅडोलिनियमची संयुगे लिगंडाची त्रिक अवस्था, म्हणजे ज्या उत्तेजित पातळीवरून तो ऊर्जा धातूला देतो ती, मोजण्यासाठी वापरतो. गॅडोलिनियमची स्वतःची उत्तेजित पातळी इतकी उंच असते की लिगंडाची ऊर्जा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि द्रव नायट्रोजनच्या तापमानाला आपल्याला निखळ लिगंडाचाच प्रकाश दिसतो. त्यात युरोपियमचा किंचितही अंश असेल तर ६१२ नॅनोमीटरच्या आसपास लाल रेषा डोके वर काढते. म्हणून या कामाला ९९.९ पुरत नाही, ९९.९९ लागते, आणि काकांनी माझ्या उत्तरावरून ती बाटली स्वतःहून पुढे केली होती. महाग बाटली खपवण्याचा तो प्रयत्न असेल असे मला वाटले. पण पुढच्याच मागणीत, जिथे साधी चालणार होती तिथे, त्यांनी साधीच दिली.

ऑक्साइड घ्यावे की तयार नायट्रेट, याबाबत त्यांचा सल्ला ऑक्साइडचा असतो आणि तो मला पटतो. युरोपियम किंवा गॅडोलिनियमचे ऑक्साइड भट्टीत तापवून, थंड करून तोलले की वजनावर विश्वास ठेवता येतो. मग नायट्रिक आम्लात विरघळवून हवे ते लवण स्वतः करता येते. सर्वच ऑक्साइडे सारखी नसतात हेही त्यांना पाठ आहे. लँथॅनमचे ऑक्साइड हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही खाते, सेरियमचे ऑक्साइड आम्लात सहजी विरघळत नाही, टर्बियमचे गडद तपकिरी असते आणि त्याला विरघळायला वेळ द्यावा लागतो. एकदा माझा विद्यार्थी निओडिमियम नायट्रेट घेऊन घाबराघुबरा परत आला होता: दुकानात ट्यूबलाइटखाली निळसर दिसणारे खडे रस्त्यावर येताच जांभळे झाले आणि त्याला वाटले बाटली बदलली गेली. काकांनी त्याला पुन्हा आत-बाहेर करायला लावले. निओडिमियमचे शोषणपट्टे इतके अरुंद असतात की दिव्याच्या प्रकाशात कोणते रंग आहेत यावर त्याचा रंग ठरतो. होल्मियमच्या ऑक्साइडचेही तसेच, उन्हात पिवळसर आणि ट्यूबखाली गुलाबी.

त्यांच्या ज्ञानाची हद्द कुठे संपते हेही त्यांना कळते. टर्बियमला थेनॉइलट्रायफ्लुरोअॅसिटोन लावून हिरवा प्रकाश मिळेल का, असे एका मुलाने विचारले तेव्हा “ते तुमच्या मॅडमना विचारा” असे त्यांनी सांगितले, आणि ते योग्य होते, कारण त्या लिगंडाची त्रिक अवस्था टर्बियमच्या पातळीच्या इतकी जवळ आहे की ऊर्जा पुढे जाण्याऐवजी परत फिरते. त्यासाठी साधे अॅसिटिलअॅसिटोन बरे. त्या मुलाने काकांच्या होकारावर एवढी महाग खरेदी केली असती तर नुकसान आमचे झाले असते आणि त्यांची विक्री झाली असती.

संक्रमणी धातूंच्या लवणांबाबत फारसे लिहिण्यासारखे नाही. कॉपर अॅसिटेट, निकेल अॅसिटेट, कोबाल्ट क्लोराइड, झिंक नायट्रेट हे सर्व त्याच दिवशी मिळते, दर इतरांएवढेच असतात आणि दर्जा आमच्या कामाला पुरेसा आहे. त्यांच्या निकेलपासून केलेले सॅलेनचे (सॅलिसिलअल्डिहाइड आणि एथिलिनडायअमीन यांच्या शिफ बेसचे) संयुग अपेक्षेप्रमाणे नारिंगी लाल आणि प्रतिचुंबकीय आले, चुंबकीय गुण मोजणाऱ्या गूई तराजूवर ठेवले की हलकेसे वर सरकणारे. सॅलिसिलअल्डिहाइड मात्र घेताना रंग पाहावा. गडद झालेली बाटली काका स्वतःच बाजूला ठेवतात, पण ते नसतील तेव्हा काउंटरवरचा मुलगा ठेवतोच असे नाही.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार दरपत्रकाची आहे. महाविद्यालयाच्या लेखा विभागाला तीन दरपत्रके लागतात, त्यावर जीएसटी क्रमांक, शिक्का, मुदत हे सगळे हवे असते, आणि हे दुकान ते पाठवायला आठवडा, कधी दोन आठवडे लावते. मार्चमध्ये निधी परत जाण्याच्या आधी या उशिरामुळे आमची एक मागणी खरोखर बुडाली. मी हे मालकांना तोंडावर सांगितले आहे. त्यांनी कान देऊन ऐकले, पण पुढच्या मार्चमध्ये फार फरक पडला नाही.

दुसरी तक्रार बांधणीची आहे. एकदा एथिलिनडायअमीनची बाटली त्यांनी कॉपर अॅसिटेटच्या डब्यांबरोबर एकाच खोक्यात पाठवली. वाटेत झाकण सैल झाले, अमीनच्या वाफांनी डब्यांवरची लेबले तपकिरी झाली आणि खोके उघडताच प्रयोगशाळा सोडून सगळ्यांना व्हरांड्यात यावे लागले. हे रसायन त्वचेला आणि श्वासाला घातक आहे. असे व्हायला नको होते. दुकानाने दुसऱ्याच दिवशी बाटली बदलून दिली आणि तेव्हापासून अमीन वेगळ्या खोक्यात, वर कोळशाची पूड घालून येते. तरीही सुरक्षापत्रक मागितल्याशिवाय मिळत नाही, ही उणीव अजून आहे. विद्यार्थी स्वतः माल घ्यायला येतात आणि लोकलच्या गर्दीतून पिशवीत घालून नेतात, हे दुकानाला दिसत असते; अशा वेळी पत्रक न मागता हातात पडले पाहिजे. आणि आम्ही शिक्षकांनीही मुलांना असा माल घेऊन गाडीत चढू देता कामा नये. मी स्वतः ही चूक पूर्वी केली आहे, आता करत नाही.

काचसामान येथून घेऊ नये. ते ठेवतात, पण निवड थोडी आहे आणि जोडांचे माप कधी कधी सैल असते. रस्ता ओलांडून काचेच्याच दुकानात जावे.

दरांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नव्या मार्गदर्शकांना वाटते की दुकानदार मनाला येईल तो भाव लावतात. सेरियम आणि लँथॅनम स्वस्त असतात. सेरियम तर पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे, विरल हे नाव त्याला शोभत नाही. युरोपियम, टर्बियम, डिस्प्रोसियम महाग, आणि थुलियम, ल्युटेशियम त्याहून महाग. याचे कारण खनिजात ते एकमेकांत इतके मिसळलेले असतात आणि त्यांचे रासायनिक वागणे इतके सारखे असते की वेगळे करायला फार खटपट पडते. आपल्याकडे केरळच्या आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे विरल मृदांचे खनिज आहे, ओडिशात आहे, आणि त्यासाठी १९५० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचे मुख्यालय तर मुंबईतच, प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या समोर आहे. तरी मोनाझाइटमध्ये जड लँथनाईडांचा वाटा थोडा असतो, आणि जगातल्या शुद्धीकरणाचा फार मोठा भाग चीनमध्ये होतो. २०१० मध्ये चीनने निर्यातीचा कोटा कमी केला तेव्हा पुढच्या वर्षी युरोपियम आणि डिस्प्रोसियमचे भाव भडकले. एप्रिल २०२५ मध्ये गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम धरून सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर चीनने परवान्याची अट घातली, आणि तेव्हापासून या दुकानातही त्यांची वाट पाहावी लागते. येथे मला त्यांचे वागणे आवडले. ज्या बाटल्या जुन्या दराने आत पडून होत्या त्या त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना जुन्याच दराने दिल्या, आणि एका वेळी एकाच बाटलीचा नियम केला. दुसऱ्या एका ठिकाणी मला त्याच आठवड्यात टर्बियमसाठी जवळजवळ दुप्पट सांगितले गेले होते.

गेल्या हिवाळ्यात मी काकांना दाखवायला एक छोटी कुपी नेली होती. त्यांच्याच बाटलीतल्या युरोपियमपासून केलेले ते लाल चमकणारे संयुग तीत होते, दिसायला अगदी साधी, किंचित पिवळट पांढरी भुकटी. इतकी वर्षे ही माणसे बाटल्या विकतात, पण त्यांचे पुढे काय होते ते त्यांनी कधी पाहिलेले नसते, असे मनात येऊन मी ती नेली होती. दुकानात बिलाच्या टेबलावर नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. मी कुपी त्याखाली धरली आणि ती भुकटी पेटलेल्या निखाऱ्यासारखी लाल झाली. लिगंड अतिनील प्रकाश पकडतो आणि तो युरोपियमच्या हाती देतो, एकट्या युरोपियमला तो इतका पकडताच येत नाही, हे मी त्यांना समजावले. काकांनी कुपी हातात घेतली, दिव्याखाली धरली, बाहेर काढली, पुन्हा धरली. मग त्यांनी आतल्या मुलाला हाक मारली, मालकांना हाक मारली, शेजारच्या शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानातल्या माणसालाही बोलावले. “हे आपल्या बाटलीतलं आहे,” असे ते प्रत्येकाला सांगत होते. ती कुपी मी तिथेच ठेवून आले. नंतर एका विद्यार्थ्याने सांगितले की ती दिव्याशेजारीच असते आणि कोणी नवखा मुलगा लँथनाईड मागायला आला की काका आधी ती दाखवतात.

जाणाऱ्यांसाठी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. रविवारी दुकान बंद असते. इतर दिवशी दुपारी दोन ते तीन या वेळात काका जेवायला घरी जातात, म्हणून अकराच्या सुमारास जावे. चिठ्ठीवर कॅस क्रमांक, हवा तो दर्जा, वजन, आणि ते कशासाठी हवे हे एका ओळीत लिहावे. अॅबसोल्यूट अल्कोहोल परवान्याशिवाय मागू नये, ते देत नाहीत आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. दरपत्रक जानेवारीतच मागून ठेवावे. ओलावा धरणारी लवणे मे संपण्याआधी घ्यावीत, बाटली प्रयोगशाळेत आल्यावर त्याच दिवशी शुष्कपात्रात ठेवावी, आणि पहिल्यांदा उघडाल तेव्हा दोन नमुने काढून ईडीटीएचे अनुमापन करून आलेला टक्का झाकणावर लिहून ठेवावा. आमच्या कपाटात या दुकानाच्या सध्या अकरा बाटल्या आहेत. अकराही झाकणांवर आकडे लिहिलेले आहेत, आणि त्यांतल्या नऊ लेबलाच्या एका टक्क्याच्या आत आहेत. उरलेल्या दोन आम्ही गेल्या पावसाळ्यात स्वतःच उघड्या ठेवल्या होत्या.